शब्दशंका : दुःखाला विसर्ग, मग दुखण्याला का नाही?

प्रश्न : मुलाने वहीत ‘माझे पोट दुःखते’ असे लिहिले आणि बाईंनी ते चूक ठरवले. ‘दुखणे’ दुःखापासूनच आले ना? मग विसर्ग कुठे गेला?

उत्तर : बाईंचे बरोबर आहे, पण शंका रास्त आहे. ‘दुःख’ आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, म्हणून त्याचा विसर्ग टिकला. ‘दुखणे’ आले ते प्राकृतातल्या ‘दुक्ख’वरून. प्राकृतात विसर्ग नाहीच. त्याच्या जागी ‘क्ख’ हे जोडाक्षर आले आणि मराठीत तो जोडही सुटला. म्हणून दुखणे, दुखरा, दुखापत, दुखवटा, दुखणेकरी यांत विसर्ग नको. दुःखी, दुःखद, दुःखान्त यांत हवाच.

मराठीने पुढे अर्थांचीही वाटणी केली. दुःख होते ते मनाला, दुखतो तो अवयव. क्रियापदही अवयवाप्रमाणेच चालते : दात दुखतो, दाढ दुखते, डोळे दुखतात. मनासाठी ‘दुखवणे’ आणि ‘दुखावणे’ अशी दोन रूपे आहेत आणि त्यांची फार गल्लत होते. दुसऱ्याला दुखवायचे, आपण दुखावायचे : ‘तू तिला दुखवलेस’, पण ‘ती दुखावली’. गुडघाही दुखावतो.

मूळ ‘दुःख’ कसा बनला यावर दोन मते आहेत. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचे विशेषण आहे. ‘ख’ म्हणजे भोक, चाकात आस बसतो ते. ते नीट असले की रथ सहज चालतो, तो सुख. त्याच्या उलट दुःख. मोनिअर विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात मात्र ‘दुःस्थ’, म्हणजे वाईट स्थितीत असलेला, या शब्दाचे ते प्राकृत वळणाचे रूप असणे अधिक संभवनीय मानले आहे. रथाची व्युत्पत्ती सुखाला चपखल बसते. दुःखाच्या बाबतीत ती एकमेव म्हणून सांगू नये.

प्रश्न : ‘जरा कळ काढ’ आणि ‘उगाच कळ काढू नकोस’ यांतली कळ एकच का?

उत्तर : नाही. पहिली वेदनेची, ती काढायची म्हणजे सोसायची. दुसरी भांडणाची, कलहाच्या घराण्यातली. कळीचा नारद तिथलाच. तिसरी यंत्राची, जिच्यावरून ‘कळीचा मुद्दा’ आला.

वेदनेची कळ येते, ओसरते, पुन्हा येते. म्हणून बाळंतपणात ‘कळा’. गळू किंवा सुजलेले बोट ठणकते, तेही नाडीच्या ठेक्यावर. वाकताना पाठीत भरते ती चमक. खरचटलेल्या जागी औषध लागले की चुरचुरते. डॉक्टरांकडे नुसते ‘दुखतंय’ म्हणण्याऐवजी यातला नेमका शब्द सांगावा. दुखणे सलग आहे की थांबून थांबून, हे त्यांना विचारावेही लागत नाही.