साडेतीन लाखांचं अरंगेत्रम आणि नडगीतली कळ

पत्र असं आलंय (ओळख पटेल ते सगळं काढून टाकलंय) :

"मावशी, मी २१ वर्षांची. सोलापूरच्या पूर्व भागात राहते, बीकॉमचं शेवटचं वर्ष. दहा वर्षं भरतनाट्यम शिकतीय, विशारद प्रथम झालंय. क्लासच्या ताई म्हणतात या डिसेंबरमध्ये अरंगेत्रम (स्टेजवरचा पहिला पूर्ण, एकटीचा कार्यक्रम) करून टाकू. हुतात्मा स्मृती मंदिर बुक करायचं, गायक-वादक पुण्याहून, दोन ड्रेस, दागिने, मेकअपवाली, कार्ड, जेवण सगळं धरून साडेतीन लाख सांगितलेत. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, मम्मी विड्या वळते. मम्मी एकदा म्हणते एवढ्यात तुझं लग्न होईल आणि एकदा म्हणते बचत गटाचं लोन उचलू. माझ्याबरोबरच्या दोघींचं झालं, त्यांचे फोटो बघितले की रात्री झोप लागत नाही. नाही केलं तर ताई नाराज आणि दहा वर्षं वाया. करू का सोडून देऊ? आणि हां, तीन महिने झाले नडगी दुखतीय, पण ते काय, सगळ्यांचंच दुखतं."

अगं पोरी, सगळं सोडून मी तुझ्या शेवटच्या ओळीपाशीच अडकले. साडेतीन लाखांवर पानभर लिहिलंस आणि पायावर एक ओळ, ती पण "हां" म्हणून. तीन महिने दुखणारी नडगी म्हणजे सगळ्यांचं दुखतं त्यातलं नाही. घरी सराव कशावर करतेस ते लिहिलं नाहीस पण पूर्व भागातली घरं मला माहितीयेत, खाली शहाबादी फरशी नायतर कोबा, त्यावर अनवाणी अरमंडीत (गुडघे बाहेर वाकवून) बसून तट्टडवू (पाय आपटायची पावलं) आपटायचे म्हणजे फरशी काही सोसत नाही, सगळा दणका हाडात जातो. आता एक कर, नडगीवरनं बोट फिरवत खाली ये. सगळ्या आतल्या कडेला ठणकत असेल आणि दोन-चार दिवस आराम केला की कमी होत असेल तर बहुतेक सूज असते, सराव कमी करून बरी होते. पण एकाच जागी बोट दाबलं की कळ जाते, रात्री पडल्यावर पण दुखतं, जिना चढताना दुखतं, असं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती सुरुवातीला साध्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत पण नाही, म्हणून "एक्सरे नॉर्मल आहे" एवढं ऐकून परत नाचायला लागायचं नाही, डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की मी रोज पाय आपटते. सिव्हिलच्या हाडांच्या ओपीडीत जा, नायतर ओळखीचा ऑर्थोवाला असेल तर तिकडे, पण या आठवड्यात जा. एकटं वर्णमच, म्हणजे कार्यक्रमातला सगळ्यात मोठा नाच, अर्धा-पाऊण तास चालतं, ते मधोमध असतं आणि पुढं शेवटचा तिल्लाना उरलेला असतो. दुखऱ्या पायावर हे होत नाही, आणि ओढून केलंस तर नंतरची दोन वर्षं जातील. डॉक्टर जे म्हणेल त्यावर डिसेंबर का नाही ते ठरेल, ताईंच्या कॅलेंडरवर नाही.

आता पैसे. बचत गटाचं लोन नको. त्याचा हप्ता येतो आणि तो विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांतनं जातो, दोन तासांच्या कार्यक्रमासाठी तुझ्या मम्मीनं दोन वर्षं जास्तीच्या विड्या वळायच्या हे मला तरी पटत नाही, आणि तुलाही पटत नसणार म्हणून तर पत्र लिहिलंस. मम्मी लोन म्हणाली कारण तिला तुझं तोंड उतरलेलं बघवत नाही. लग्नाचं म्हणाली कारण तिला हिशोब कळतो. दोन्ही खरंय, त्यात तिचं काही चुकत नाही.

पण म्हणून सोडून दे असंही मी म्हणणार नाही. "करू का सोडून देऊ" हा प्रश्नच मला मान्य नाही, कारण तू साडेतीन लाखांना अरंगेत्रम समजून बसलीयेस. भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालसरस्वती, त्यांचं अरंगेत्रम १९२५ साली झालं, कांचीपुरमला देवळात, वय सात. त्यांच्यासारख्या देवदासी घराण्यांमध्ये अरंगेत्रम झालं की बाई कलावंत म्हणून उभी राहायची, तिथनं पुढं तिची कमाई सुरू. आता उलटं झालंय, इथं घरच्यांची कमाई संपते आणि बऱ्याच पोरी त्यानंतर घुंगरू कपाटात ठेवतात. आणि ज्या क्रमानं तू नाचणार आहेस ना, अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, तो क्रम तंजावरच्या चार भावांनी बसवला, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू, आणि त्यांना आश्रय होता सरफोजीराजांचा, म्हणजे आपल्याच भोसल्यांचा, १७९८ ते १८३२ त्यांची कारकीर्द. त्या क्रमात बुफे कुठंच नाही, मी बघितलंय.

तर अरंगेत्रम म्हणजे काय, तर अख्खा मार्गम, म्हणजे हाच क्रम, एका दमात, ताई नट्टुवांगमला (झांज वाजवत बोल म्हणायला), समोर बघणारी माणसं. बाकीचं सगळं लग्नसमारंभातनं आत आलंय. खर्चाचा कागद घे आणि एकेक ओळ बघ. जेवण काढ, चहा आणि पार्लेजी पुष्कळ झालं. कार्ड काढ, व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. दुसरा ड्रेस भाड्यानं मिळतो, दागिने त्या दोघींपैकी कुणाचे तरी घे, त्यांचे आता डब्यातच असणार. हॉल छोटा घे, शाळेचा, समाजाचा, कुठलाही ज्याचं स्टेज लाकडी आहे (हे तुझ्या नडगीसाठी, विसरू नको). फक्त एका ठिकाणी हात आखडू नको आणि ते म्हणजे गाणं. रेकॉर्डवर नाचलीस तर रेकॉर्ड थांबत नाही गं, तुझा भाव अजून चाललेला असतो आणि ओळ पुढं निघून जाते. एक गाणारी, एक मृदंगम आणि ताईंची झांज एवढ्यावर छान होतं, व्हायोलिन-बासरी असली तर सोनं, नसली तर कुणी उठून जात नाही. थोडे पैसे असतील तर ते इथं घाल.

आता अवघड भाग, ताई. तू लिहिलंस "नाराज होतील". दहा वर्षं जिनं तुझे हात सरळ केले तिला तुझ्या घरचं माहीत नाही असं होईल का? पण माहीत असणं आणि तू तोंडानं सांगणं यात फरक पडतो, कारण तू गप्प बसलीस की त्यांना वाटतं जमतंय. क्लास संपल्यावर दारात चपला घालता घालता बोलायचा विषय नाही हा. वेळ मागून घे, एकटी जा, मम्मीला नको नेऊ, ती तिथं लाजून "बघू की ताई" म्हणेल आणि तू अडकशील. सरळ म्हण, "ताई, मला अरंगेत्रम करायचंय, तुमच्याच हातनं करायचंय, पण घरात एवढे नाहीत आणि मी कर्ज काढू देणार नाही. माझ्याकडं एवढे आहेत, यात काय होतं ते आपण बसवू." आकडा तू सांग, त्यांना विचारू नको. आणि त्यांच्या अंदाजात गुरुदक्षिणा धरलीय का ते पण विचार, काही ठिकाणी ती आतच असते, तिची लाज नाही पण ती वेगळी कळली पाहिजे. बहुतेक ताया ऐकतात बघ. त्यांची पण अडचण असते, मागच्या मुलीचं मोठ्या हॉलमध्ये झालं तर पुढच्या मुलीचे आईबाप तेच मागतात, कमी केलं तर म्हणतात आमच्या पोरीत काय कमी, मग ताईंनाही वाटायला लागतं की हेच बरोबर. तू लहान मागितलंस तर कदाचित त्याच सुटतील. आणि समजा नाही ऐकलं, "असं असेल तर राहू दे" म्हणाल्या, तर राहू दे. शिकलेलं त्या परत घेऊ शकत नाहीत. पण भांडून येऊ नको, नमस्कार करून ये, विशारद पूर्ण अजून त्यांच्याकडनंच करायचंय.

विशारद पूर्ण कर, हे मी जरा जोर देऊन सांगतीय. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातनं दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, आणि उद्या तू जुळे सोलापूरला नायतर अशोक चौकात क्लास काढलास तर पोरींच्या आया तुझ्या अरंगेत्रमचे फोटो बघतील पण विचारतील विशारद झालंय का तेच. दुसरं म्हणजे केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, गुरूकडं किमान पाच वर्षं शिकलेलं हवं, निवड झाली तर महिन्याला ५००० रुपये दोन वर्षं. तुझ्याकडं अजून चार वर्षं आहेत त्यासाठी. जाहिरात निघाली की भर, ताईंचं सर्टिफिकेट लागतं हे आणखी एक कारण भांडून न येण्याचं. मम्मीचं विडी कामगाराचं कार्ड असेल तर मुलांच्या शिक्षणाला कामगार खात्याची पण मदत मिळते, ती घेतलीस का? नसेल तर कॉलेजच्या ऑफिसात विचार.

आणि एक गोष्ट जी तू पत्रात लिहिलीच नाहीस, मी आडनावावरनं ओळखली (ते छापत नाही, घाबरू नको). तुमच्या घरात तेलुगू बोलतात ना? मग तुला कळतंय का तुझ्याकडं काय आहे ते? पुण्या-मुंबईच्या पोरी क्षेत्रय्या या तेलुगू कवीची पदं देवनागरीत लिहून घेतात आणि खाली पेन्सिलनं अर्थ लिहून तो पाठ करतात, कुठल्या शब्दावर भुवई उचलायची ते ताई सांगतात म्हणून उचलतात. सतराव्या शतकातली भाषा आहे, तुझ्या घरची नाही, मान्य, तुमच्या घरच्या तेलुगूत मराठी-कानडी पण मिसळलंय, पण नायिका मुव्वगोपालाला (त्याच्या पदांतला कृष्ण) टोमणा मारतीय का खरंच रडतीय हे तुझ्या आजीला दोनदा सांगावं लागणार नाही. पद घेऊन बस की तिच्यासमोर. नानम्मा म्हणतेस का अम्मम्मा ते मला माहीत नाही, जी असेल तिला म्हण हे वाचते, तू सांग ही बाई कशी बोलली असेल. ती हसेल, म्हणेल हे काय घाण वाचतीयस, कारण क्षेत्रय्या काही देवघरातला नाही, शृंगार उघडा आहे त्यात. पण मग सांगेल. अभिनयाचा असा तास विकत मिळत नाही.

आणि मार्कंडेय. नारळी पौर्णिमेला तुमच्याकडं रथ निघतो, अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. यमानं फास टाकला, पोरानं लिंगाला मिठी मारली, लिंग फुटून शंकर बाहेर आला, ही गोष्ट भरतनाट्यममध्ये किती वर्षं नाचतायत, आणि सोलापुरात ती न सांगता कळणारे लोक तुझ्या गल्लीत आहेत. ताईंना विचार वर्णमच्या संचारीत (ओळीचा अर्थ गोष्टीतनं खुलवतात तिथं) बसतं का, नायतर वेगळं कीर्तनम घ्या शंकराचं. हुतात्मामध्ये पहिल्या दोन रांगा सोडल्या तर मागं लोक मोबाईल बघतात, मी बघितलेत. तुमच्या समाजाच्या हॉलमध्ये संध्याकाळची पाळी सुटल्यावर पप्पांबरोबरचे मागवाले सतरंजीवर बसले आणि यम आला की पोरं आईच्या पदरात घुसली, तर सांग मला कुठलं अरंगेत्रम मोठं.

लग्नाचं जास्त लिहीत नाही, तू पण नाही लिहिलंस. स्थळ बघायला आलं की पहिल्याच भेटीत सांग की मी नाचते आणि पुढं क्लास घेणार आहे. अरंगेत्रम झालं का नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, मम्मीला वाटतं झालं की विषय संपला, म्हणून ती घाई करतीय, तिला आत्ताच सांग विषय संपत नाही म्हणून. एकदा चिडेल.

त्या दोघींचे फोटो म्यूट कर. मैत्रिणी राहू देत, फोटो म्यूट कर. त्यांना दागिने मागायचेत तेवढं लक्षात ठेव. आणि "दहा वर्षं वाया" हे परत लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

आता क्रम सांगते. आधी पाय, त्याच्यानंतर आजी, मग ताई. ताईंकडं जाताना डॉक्टरचा कागद बरोबर असू दे, डिसेंबर पुढं ढकलायला तो एकटाच बास आहे आणि तेवढ्या वेळात तुझे बीकॉमचे पेपर पण होऊन जातील. एमआरआय सांगितला आणि पैशाचं अडलं तर मला लिही, सिव्हिलमध्ये कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो ते मी विचारून ठेवते.

— मावशी