जुन्या ट्रकच्या डिफरन्शियलचं पिनियन सील गळतंय. बदलण्यासाठी नट सोडला तर सेटिंग बिघडतं का?

बिघडतं, पण नट सोडल्यामुळे नाही, तो परत अंदाजाने आवळल्यामुळे. सेटिंग म्हणजे पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दातेरी दांड्याच्या) बेअरिंगवर नट आवळून दिलेला दाब, म्हणजेच प्रीलोड. सील बसवणं हे यातलं सोपं काम आहे.

आधी सील का गेलं ते शोधा. एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) चिखलाने चोंदला असेल तर आतली गरम हवा सीलमधूनच वाट काढते आणि नवीन सीलही गळायला लागतं. मग प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा लांब दांडा) उतरवून फ्लँज (तो पिनियनला जिथे जोडतो तो भाग) वर-खाली आणि पुढे-मागे हलवून बघा. ढिलाई जाणवली तर पिनियनचं बेअरिंग गेलंय आणि नुसतं सील बदलण्यात अर्थ नाही. फ्लँज गोल फिरवताना जाणवणारा थोडा खेळ मात्र क्राऊन (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चक्र) आणि पिनियनच्या दातांमधला असतो, त्याला घाबरू नका.

शाफ्ट उतरवण्याआधी शाफ्ट आणि फ्लँजवर खूण करा आणि उतरवल्यावर तो तारेने वर बांधा, लोंबकळत ठेवू नका. पुढच्या चाकांना ठोकळे, मागचा एक्सल स्टँडवर, तेल काढलेलं आणि ब्रेक ड्रम उतरवलेले. फुल-फ्लोटिंग एक्सल (ज्यात गाडीचं वजन एक्सल शाफ्टवर नसून हाउसिंगवर असतं) असेल तर दोन्ही एक्सल शाफ्टही ओढून काढा. मग कमी रेंजचा, काट्याचा टॉर्क रेंच नटावर लावून पिनियन सावकाश काही फेरे फिरवा. सुरुवातीचा झटका सोडून फिरत असतानाचा आकडा, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, लिहून ठेवा. 'कट्' आवाज करणारा रेंच इथे निरुपयोगी आहे. नट, फ्लँज आणि पिनियनचं टोक यांवर पंचने एका रेषेत खुणा करा आणि नटाबाहेर दिसणारे आटे मोजा.

नट सोडताना फ्लँज लांब दांड्याने अडवा. फ्लँज पुलरनेच काढा; हातोडीने ठोकलात तर तो वाकडा होतो आणि मार बेअरिंगला बसतो. जुनं सील उचकटताना हाउसिंगच्या भोकाला ओरखडा पडू देऊ नका.

आता फ्लँजवर सील जिथे घासतं ती जागा नखाने तपासा. नख अडकलं तर चर पडलाय. मग पातळ रिपेअर स्लीव्ह चढवा किंवा फ्लँज बदला. माझ्या मते जुन्या गाडीत 'नवीन सीलही गळतंय' या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण हा चरच आहे. हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर गोलाकारच फिरवा.

सीलची स्प्रिंगवाली बाजू आत, तेलाकडे. लिपला (सीलच्या आतल्या घासणाऱ्या कडेला) ग्रीस लावा आणि कडेवर टेकेल अशा पाइपने सील सरळ ठोका. बाहेरचा घेर नुसत्या पत्र्याचा असेल तर सिलंटचा पातळ थर द्या. रबराचा असेल तर गरज नाही. फ्लँजच्या स्प्लाइनमध्ये (आतल्या खाचांमध्ये) आणि नटाच्या वॉशरखाली मात्र सिलंट हवाच. तिथून झिरपणारं तेल बघून लोक उगाच सीलला दोष देतात.

नट शक्यतो नवीन घ्या. तो किती आवळायचा हे आत कोणता स्पेसर (पिनियनच्या दोन बेअरिंगांमधली नळी) आहे त्यावर ठरतं. मोठ्या ट्रकांत बहुधा न दबणारा स्पेसर आणि शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) असतात. तिथे नट मॅन्युअलमधल्या पूर्ण टॉर्कला आवळला की झालं. हलक्या ट्रकांत बऱ्याचदा दबणारा क्रश स्लीव्ह असतो. तिथे इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा. खुणा जुळेपर्यंत आवळा (नवा नट असेल तर खुणेऐवजी आट्यांवर भरवसा), मग अगदी थोडं थोडं पुढे जात, दर वेळी फ्लँज फिरवून मोजा. आधीच्या आकड्यापेक्षा साधारण ०.३ ते ०.५ न्यूटन-मीटर जास्त आलं की थांबा. जास्त आवळला गेला तर नट मागे फिरवून सुधारणा होत नाही, कारण दबलेला स्लीव्ह परत लांब होत नाही. स्लीव्ह नवीनच टाकावा लागतो. आधीचा आकडा जवळजवळ शून्य आला असेल तर बेअरिंग झिजलंय, आवळून ते सुधारणार नाही.

तेल मॅन्युअलच्या ग्रेडचं, बहुतेक ठिकाणी जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. सपाट जागेवर भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. पिनियनचं तोंड पुसून कोरडं करा, म्हणजे नवी गळती लगेच दिसेल. थोडं चालवून तिथे हात लावा: हात टेकवतच नसेल इतकं तापत असेल तर प्रीलोड जास्त झालाय, गाडी पुढे चालवू नका.