सक्ती, आसक्ती आणि जबरी

प्रश्न असा आला आहे: मनोविकारांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'कोअर्सिव्ह सेक्शुअल सॅडिझम डिसऑर्डर' हे निदान आलं, म्हणजे संमती नसलेल्या व्यक्तीला यातना देण्यातून लैंगिक उत्तेजना मिळण्याचा विकार. त्याला 'लैंगिक सक्ती विकृती' म्हटलं तर चालेल का?

माझं मत, चालणार नाही. त्यातल्या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे.

आधी 'सक्ती'. हा शब्द फारसी 'सख्त'वरून, म्हणजे 'कठीण, कठोर'वरून आला. सक्तमजुरी, सक्त ताकीद, सक्तवसुली ही त्याचीच भावंडं. मराठीत सक्ती दुसऱ्यावर करता येते, तशी ती आतूनही जाणवू शकते, आणि अडचण नेमकी तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर' असं आणखी एक निदान आहे. त्यात माणसाला स्वतःच्या लैंगिक ऊर्मी आवरत नाहीत. दुसऱ्यावर जोर करण्याशी त्या निदानाचा संबंध नाही, आणि वर्गीकरणात ते आवेगनियंत्रणाच्या विकारांमध्ये आहे, आपलं निदान ज्या गटात येतं त्या गटात नाही. 'लैंगिक सक्ती विकृती' वाचणाऱ्याला यातलं कुठलं निदान अभिप्रेत आहे ते कळणार नाही. आवरता न येणाऱ्या वर्तनाला मी 'अनावर' म्हणेन आणि दुसऱ्यावर लादलेल्या वर्तनाला 'जबरी'.

सॅडिझमसाठी 'परपीडासक्ती' असा शब्द कुणी केला, तर त्यातली 'आसक्ती' संस्कृत आहे: चिकटणं, ओढ लागणं. फारसी सक्तीशी तिचं काही नातं नाही, कानाला मात्र दोन्ही सख्ख्या बहिणी वाटतात. म्हणून या निदानाच्या नावात 'आसक्ती'ही नको. 'परपीडन' पुरे.

'जबरी' का? अरबी 'जब्र' म्हणजे जोर. पोलिसांच्या भाषेतली 'जबरी चोरी' वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: समोरच्याला धाक दाखवून किंवा मारहाण करून केलेली चोरी. आपल्याला हवा तो अर्थ या विशेषणात तयार आहे. ('जबरदस्ती' थोडी वेगळी. तिच्यात फारसी 'ज़बर' म्हणजे वर आणि 'दस्त' म्हणजे हात. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. मराठीत दोन्ही प्रवाह इतके मिसळले की आता ते वेगळे करण्यात अर्थ नाही.) 'जबरी' आज बोलण्यात 'झकास' या अर्थानेही येतो हे मान्य, पण 'विकार' शेजारी असताना तो अर्थ कुणी घेणार नाही.

मूळ नावात या विशेषणाला, म्हणजे 'कोअर्सिव्ह'ला, मोठं काम आहे. त्याच रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत 'सॅडोमॅसोकिझम' असं एकच निदान होतं. संमतीने वेदना देणारे-घेणारे आणि दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध छळ करण्यातून उत्तेजना मिळवणारे, दोघेही त्याच नावाखाली येत. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने ते काढून टाकलं आणि नवं निदान फक्त संमती नसलेल्या व्यक्तीला यातना देण्यापुरतं ठेवलं. विशेषण गाळून 'लैंगिक परपीडन विकार' एवढंच लिहिलं, तर हा सगळा बदल अनुवादात पुसला जातो.

आता 'विकृती'. व्युत्पत्तीने विकार आणि विकृती एकच, आणि 'विकृतिशास्त्र' म्हणताना आपण कुणाला नावं ठेवत नसतो. पण 'हृदयविकार असलेला माणूस' आणि 'विकृत माणूस' यांतलं अंतर मराठी कानाला लगेच कळतं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने १९८० मध्ये 'लैंगिक विचलन' सोडून 'पॅराफिलिया' (नेहमीपेक्षा वेगळं लैंगिक आकर्षण) हा शब्द घेतला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने पॅराफिलिया आणि पॅराफिलियाचा विकार यांत फरक केला: नुसतं वेगळं आकर्षण म्हणजे विकार नव्हे, त्यातून स्वतःला त्रास, जगण्यात अडथळा किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तर विकार. दोहोंना 'विकृती' म्हटलं की हा भेद उरत नाही.

आणखी एक धोका सांगायलाच हवा. कुणी 'बलात्कार विकार' असं सोपं नाव सुचवेल. संस्कृत 'बलात्' म्हणजे बळाने. जुन्या मराठीत 'बलात्काराने' म्हणजे नुसतं 'जोर करून'. आज तो गुन्ह्याचा शब्द आहे, आणि तसाच राहावा. त्याच पाचव्या आवृत्तीच्या वेळी 'पॅराफिलिक कोअर्सिव्ह डिसऑर्डर' असं निदान सुचवलं गेलं होतं. ते स्वीकारलं गेलं नाही. एक मोठा आक्षेप हाच होता की गुन्ह्याला आजाराचं नाव मिळेल. रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतलं निदानही बलात्कार करणाऱ्या प्रत्येकाला लागू होत नाही. यातनेभोवती केंद्रित, टिकून राहिलेली, तीव्र लैंगिक उत्तेजना असावी लागते. शिवाय त्या माणसाने तशी कृती केलेली असावी किंवा त्या विचारांनी तो स्वतः अतिशय त्रस्त असावा.

तेव्हा माझा पर्याय 'जबरी लैंगिक परपीडन विकार'. लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे संमती नसलेल्या व्यक्तीला यातना देण्याशी जोडलेला' एवढं जोडा आणि पुढे नुसतं नाव वापरा.