मेंदूचा नकाशा काढायचाय, मग गणित कशाला सोडता?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून तिला मेंदूच्या स्कॅनचं वेड लागलंय. मेंदूच्या कुठल्या भागाला कुठली धमनी रक्त पुरवते हे सुई न टोचता एमआरआयवर दिसतं, असं तिने वाचलं. आता म्हणते, हेच करणार. गणित जड जातं म्हणून ते सोडून नीटसाठी नुसता पीसीबी ग्रुप ठेवावा असं वाटतं. योग्य होईल ना?
– एक पालक, संगमनेर

उत्तर : नमस्कार. आधी उत्तर देते, कारण नंतर : गणित सोडू देऊ नका.

तिने वाचलं ते खरं आहे. एरवी हा नकाशा काढायला जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून मानेच्या धमनीत डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, सोडतात आणि एक्स-रे घेतात. आर्टेरियल स्पिन लेबलिंग, म्हणजे एएसएलमध्ये यातलं काहीच नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्याचं चुंबकत्व रेडिओलहरींनी उलटं करायचं, हीच खूण; मग दोनेक सेकंद थांबून चित्र घ्यायचं. मग खूण न करता तेच चित्र, आणि वजाबाकी. उरतो फक्त नव्याने पोचलेल्या रक्ताचा ठसा, तोही जेमतेम एक टक्का. म्हणून तेच चार-पाच मिनिटं पुन्हा पुन्हा. शिवाय खूण काही सेकंदांत विरते. घाई केली तर रक्त पोचलेलं नसतं, उशीर केला तर खूण पुसलेली असते. १९९२ मध्ये अमेरिकेत जॉन डेट्रे, ॲलन कोरेट्स्की आणि सहकाऱ्यांनी हे उंदरांच्या मेंदूत करून दाखवलं.

मेंदूला रक्त जातं मानेतल्या पुढच्या दोन कॅरोटिड आणि मागच्या दोन व्हर्टिब्रल धमन्यांतून. मेंदूच्या तळाशी त्या एका कड्याने जोडलेल्या असतात. पुस्तकातल्या सीमारेषा ठाम दिसतात, पण त्या माणसागणिक बदलतात. गावात एका टाकीचं पाणी बंद पडलं की दुसऱ्या टाकीची लाइन त्या गल्लीला जोडतात, तसं एक कॅरोटिड तुंबली की दुसरीचं रक्त कड्यातून पलीकडे जाऊ शकतं. कुठली गल्ली कुठल्या टाकीवर चाललीय, हे कळलं तर झटका कुठल्या धमनीमुळे आला याचा अंदाज बांधायला मदत होते.

सगळ्या धमन्यांतल्या रक्तावर सारखीच खूण केली तर ते कसं कळणार? सॅन दिएगोच्या एरिक वाँग यांनी २००७ मध्ये एक युक्ती मांडली. एका फेरीत डाव्या कॅरोटिडला खूण, उजवीला नाही. पुढच्या फेरीत उलट. मग आणखी वेगळी जोडी. मेंदूच्या प्रत्येक ठिपक्यासाठी समीकरणांचा एक संच तयार होतो, आणि तो सुटतो मॅट्रिक्सने. मॅट्रिक्सचा धडा तुमच्या मुलीच्या अकरावीच्या गणितातच आहे! सोडायचं म्हणताय तेच हे पुस्तक.

एका सेंटरमधल्या टेक्निशियनने मला एकदा अर्धा काळा पडलेला मेंदू दाखवला होता. पेशंट धडधाकट. खूण करायची पातळी धमनीच्या नेमकी वळणावर आली होती, त्यामुळे त्या बाजूच्या रक्तावर खूण बसलीच नाही. असं चित्र पाहून शंका येण्यासाठी भौतिकशास्त्र अंगात मुरलेलं असावं लागतं.

म्हणून बारावीपर्यंत चारही विषय राहू द्या. डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएस, मग एमडी रेडिओलॉजी, मग बंगळुरूचं निम्हान्स किंवा त्रिवेंद्रमचं श्रीचित्रा इथे न्यूरोरेडिओलॉजीत, म्हणजे मेंदूच्या स्कॅनच्या शास्त्रात, डीएम ही एमडीनंतरची पदवी. साडेअकरा वर्षं धरून चाला, आणि त्यात बहुतेक काम स्कॅन वाचण्याचं. स्कॅन घडवणारे वेगळे असतात : फिजिक्समध्ये एमएस्सी किंवा इंजिनिअरिंग, पुढे पीएचडी. पवईच्या आयआयटीत बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे, त्याच आवारातल्या समीर या सरकारी संशोधन संस्थेत देशी एमआरआय मशीनवर काम चालतं, आणि सीमेन्स, जीई, फिलिप्स यांचे संशोधन विभाग बंगळुरूत आहेत. टेक्निशियनचा कोर्स सगळ्यांत लवकर पगार देतो, त्याला कमी लेखू नका. मात्र निव्वळ या नकाशांवर पोट भरेल अशी नोकरी तिला आज आपल्याकडे सांगता येणार नाही. हे काम अजून मुख्यतः संशोधनातलं आहे.

गणिताची भीती घालवायला शिकवणी लावाच, पण एक घरचं कामही सांगते. आजोबांच्या एमआरआयची सीडी कपाटात असेल. ती उघडणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एएसएल त्यात बहुधा नसेल, पण झटक्यानंतर लगेच काढला असेल तर डिफ्युजनच्या (पेशींतल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या) चित्रांत पांढरा डाग दिसेल. तो कुठल्या धमनीच्या हद्दीत येतो ते तिला शोधू द्या. आजोबांना विचारून, अर्थात.