ई^(क्ष·य) = क्ष + य यात य′ (म्हणजे य चा क्ष नुसार डेरिव्हेटिव्ह) कसा काढायचा?

इथे य एका बाजूला सुटा करता येत नाही, म्हणूनच इम्प्लिसिट डिफरन्शिएशन लागतं, म्हणजे य ला क्ष वर अवलंबून मानून दोन्ही बाजूंचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा. गणित जिथे हमखास चुकतं ती जागा म्हणजे डावी बाजू. ई^क्ष चा डेरिव्हेटिव्ह ई^क्ष च, हे इतकं डोक्यात बसलेलं असतं की ई^(क्ष·य) चाही तोच लिहून आपण पुढे जातो. पण घातांकात क्ष·य आहे आणि य स्वतः क्ष वर अवलंबून आहे. म्हणून चेन रूलने घातांकाचा डेरिव्हेटिव्ह बाहेर गुणायला हवा, आणि तो गुणाकाराच्या नियमाने येतो: य + क्ष·य′.

ई^(क्ष·य) · (य + क्ष·य′) = 1 + य′

आता कंस सोडवा आणि य′ ची पदं एकीकडे घ्या:

य′ = (1 − य·ई^(क्ष·य)) / (क्ष·ई^(क्ष·य) − 1)

बाकी सगळी साधी बीजगणिताची आकडेमोड. मात्र इथे थांबू नका. मूळ समीकरणानुसार ई^(क्ष·य) म्हणजेच क्ष + य, ते घातलं की ई पूर्ण निघून जातो:

य′ = (1 − क्ष·य − य²) / (क्ष² + क्ष·य − 1)

मला हे रूप फार आवडतं, कारण पडताळा सोपा होतो. (0, 1) हा बिंदू वक्रावर आहे (ई⁰ = 1 = 0 + 1). किमती घाला: वर 0, खाली −1, म्हणजे य′ = 0. तिथे स्पर्शिका आडवी आहे.

आधी दोन्ही बाजूंचा लॉग (पाया ई) घेऊन क्ष·य = लॉग(क्ष + य) असं केलं तरी हेच उत्तर येतं. एकदा तसंही करून बघा, हात बसेल.