शब्दचर्चा : ‘बॉर्डरलाइन’ आणि ‘द्वंद्वात्मक वर्तनोपचार’

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या भाचीला मानसोपचारतज्ज्ञांनी ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी’ असं निदान सांगितलं आणि ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ घ्यायला सुचवलं. घरचे म्हणतात, बॉर्डरलाइन म्हणजे अजून काठावर आहे, आजार झालेला नाही. थेरपीचं मराठी नाव ‘द्वंद्वात्मक वर्तनोपचार’ असं मिळालं, तर आजी म्हणाली, घरात भांडणं काय कमी आहेत? ताई विचारतात : हा शब्द बरोबर आहे का? डायलेक्ट म्हणजे बोली, तिचा इथे काही संबंध आहे का? हे उपचार नक्की कशाकशावर चालतात? आणि लिहायचं कसं, द्वंद्व की द्वंद?

ताई, आधी ‘बॉर्डरलाइन’ घेते, कारण हा शब्द ऐकून घरचे गाफील राहतात. आपल्याकडे तो आला शुगर आणि बीपीच्या रिपोर्टांतून. ‘शुगर बॉर्डरवर आहे’ म्हणजे घाबरू नका, भात जरा कमी करा. तोच अर्थ घरच्यांनी इथे लावला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ही सीमा वेगळी आहे. १९३८ मध्ये अडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला तो न्यूरोसिस (चिंता-भीतीसारखे, वास्तवाचं भान शाबूत असलेले विकार) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटलेले विकार) या तेव्हाच्या दोन मोठ्या कप्प्यांपैकी एकातही न बसणाऱ्या रुग्णांसाठी. म्हणजे ती दोन आजारांमधली सीमा होती. आजार आणि निरोगीपण यांच्यामधली कधीच नव्हती. पुढे ती कल्पना मागे पडली, नाव तेवढं राहिलं आणि १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात पक्कं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात मात्र ‘भावनिकदृष्ट्या अस्थिर’ अशा अर्थाचं नाव होतं, आणि मला तेच जास्त पटतं. भावना चटकन आणि फार जोरात उसळते, ओसरायला वेळ लागतो, जवळचं माणूस सोडून जाईल ही धास्ती सतत असते, आत पोकळ वाटतं, आणि त्या भरात स्वतःला इजा करून घेण्यापर्यंत गोष्ट जाते. याला कुणी सौम्य म्हणू नये. मराठी कोशात ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ असेल तर असू दे. डॉक्टरांपुढे ‘बॉर्डरलाइन’च म्हणा म्हणजे घोटाळा होणार नाही, आणि आजीला ‘भावनिक अस्थिरतेचा आजार’ असं सांगा.

आता द्वंद्व. आजींच्या मनात आलं ते द्वंद्वयुद्ध. पण शाळेत आपण द्वंद्व समासही शिकलो, आणि इथे तोच कामाचा आहे. त्यातही प्रकार पाहा. ‘खरेखोटे’ची फोड ‘खरे किंवा खोटे’, हा वैकल्पिक द्वंद्व. ‘आईवडील’ची फोड ‘आई आणि वडील’, हा इतरेतर द्वंद्व, दोन्ही पदं सारख्याच मानाची. या उपचारातलं द्वंद्व हे असं ‘आणि’चं आहे.

ते तसं का, हे उपचाराच्या जन्मातच दिसतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान वारंवार आत्महत्येचे प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांवर काम करत होत्या. नुसतं ‘वागणं बदला’ म्हटलं की त्या स्त्रियांना वाटे, म्हणजे सगळा दोष माझाच. नुसतं ‘तू आहेस तशी ठीक’ म्हटलं तर दुःख जागचं हलत नसे. म्हणून लिनेहान यांनी दोन्ही एकत्र बांधलं : तू आत्ता जशी आहेस त्याला कारणं आहेत, ती मला मान्य आहेत, आणि तुला बदलावं लागेल. स्वीकाराची बाजू त्यांनी झेन ध्यानपरंपरेतून घेतली, बदलाची वर्तनोपचारातून. १९९१ मध्ये पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीर केलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच अवस्थेत मनोरुग्णालयात होत्या. येरवडा, ठाणे, रत्नागिरी ही गावांची नावं जिथे टोमणा म्हणून तोंडावर फेकली जातात, तिथल्या प्रत्येक घरात ही गोष्ट पोचावी असं मला फार वाटतं.

तत्त्वज्ञानाच्या मराठीत डायलेक्टिकसाठी ‘विरोधविकास’ही आहे. अर्थाने तो चांगला, पण दवाखान्यात पहिलं पद ‘विरोध’ ऐकू येणं नको. म्हणून माझं मत ‘द्वंद्वात्मक’कडे, फक्त सोबत ‘आणि’ समजावून सांगायचं. घरात याचा उपयोग लगेच होतो. ‘तुझं दुखतंय हे कळतं, पण असं वागू नको’ यातल्या ‘पण’ने पहिलं अर्धं वाक्य पुसलं जातं. तिथे ‘आणि’ घालून बोलून पाहा.

डायलेक्ट आणि डायलेक्टिक हे ग्रीकमध्ये सख्खे भाऊ, दोघेही ‘आपसात बोलणे’ या क्रियापदातून आलेले. एकाचा अर्थ बोलण्याची तऱ्हा असा झाला, दुसऱ्याचा वादसंवादाची पद्धत. नाव बोलीवरून आलेलं नाही. तरी आपली बोली या उपचारात फार उपयोगी पडते.

कारण त्यात चार प्रकारची कौशल्यं शिकवतात, आठवड्याला एकदा गटात, आणि जोडीला एकट्याची भेट. असं साधारण वर्षभर. पहिलं सजगता. आपण ‘भानावर असणं’ म्हणतो तेच. दुसऱ्याला ‘ताण सहनशीलता’ असं जड नाव देतात, पण ‘कळ सोसणं’ हा घरचा शब्द हजर आहे. भावनेचा जोर काही वेळाने उतरतो. तेवढ्या वेळात जिवाचं बरंवाईट न करता टिकून राहायचं. श्वास रोखून गार पाण्यात चेहरा बुडवला की हृदयाचे ठोके मंदावतात, तेही यात शिकवतात (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून). ‘कळ काढणं’ मात्र टाळा, त्याचा दुसरा अर्थ भांडण उकरणं असा आहे.

तिसरं कौशल्य भावनांचं नियमन. याला ‘भावना आवरणं’ म्हणू नका. आवरायला तर ती मुलगी जन्मभर ऐकत आली आहे. इथे पहिली पायरी म्हणजे आत काय चाललंय त्याला नेमकं नाव देणं, आणि आपली भाषा इथे श्रीमंत आहे. राग, चीड, वैताग, संताप या चार पायऱ्या वेगळ्या. हिरमुसणं म्हणजे रुसणं नव्हे. घालमेल, तगमग, हुरहुर यांना शरीरातही वेगवेगळ्या जागा आहेत. लिनेहान लाज आणि अपराधभाव वेगळे धरतात, कारण दोन्हींवरची वाट वेगळी. मराठीत पाहा : ‘कानकोंडं झालं’ ही लाज, ‘मन खातंय’ हा अपराधभाव. मन खात असेल आणि खरंच चूक असेल तर भरपाई करायची. कानकोंडं झालं आणि काही गैर केलेलं नसेल तर मान वर करून चारचौघांत जायचं. रोज एक तक्ता भरायचा असतो, कुठली भावना किती तीव्र होती. त्यात ‘कसंतरी होतंय’ऐवजी भाचीने हे शब्द लिहावेत, मालवणीत सुचले तर मालवणीत.

चौथं, नात्यांत आपलं म्हणणं मांडणं, न तोडता ‘नाही’ म्हणणं. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायला नको.

कशावर चालतं? सर्वांत भक्कम आधार आहे तो बॉर्डरलाइन, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्येचे प्रयत्न यांवर, किशोरवयीन मुलांतही. त्याखालोखाल व्यसन, विशेषतः बॉर्डरलाइनसोबत असेल तेव्हा. अनावर खाणं आणि खाऊन ओकून टाकणं. अत्याचारानंतरचा आघात, त्यासाठी वेगळी जोड दिलेली पद्धत आहे. जुनाट नैराश्य, बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार), मोठ्यांमधला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांत पूरक म्हणून वापर होतो, गोळ्या बंद करून नव्हे. स्किझोफ्रेनियाचा हा मुख्य उपचार नाही. गावात शिकलेला थेरपिस्ट मिळाला नाही तर ऑनलाइन भेटींबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा. भाची कधी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाली तर वाट न पाहता १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही.

राहिलं शुद्धलेखन. मूळ ‘द्व’ म्हणजे दोन, त्याची द्विरुक्ती होऊन द्वंद्व झालं, म्हणून दुसराही ‘द्व’ लिहायलाच हवा. ‘द्वंद’ हे उच्चारात ढिलं झालेलं रूप, छापील मजकुरात ते नको.