खोकलं तरी कपडे ओले होतात, सांगू कुणाला?

"मॅडम, शिंकलं-खोकलं तरी थेंब थेंब होते. वयच झालं, आता काय करायचं?" मी समुपदेशक, हे गाऱ्हाणं माझ्याकडे इतक्या जणी आणतात की एकदा सविस्तर लिहायला घेतलं. बहुतेकींना यूरॉलॉजी (मूत्रविकार) विभागातल्या सिस्टर पाठवतात. डॉक्टरांपुढे 'बाकी काही नाही' म्हणणारी बाई सिस्टरच्या टेबलापाशी जरा रेंगाळते आणि अनुभवी सिस्टरला ते बरोबर कळतं.

सुमनताई (नाव बदललं आहे) अशाच आल्या. पन्नाशी उलटलेली, तीन बाळंतपणं झालेली. भजनी मंडळ सुटलं होतं, एसटीनं माहेरी जाणंही बंद. घरी कारण सांगितलं होतं गुडघेदुखीचं. सिस्टरनी त्यांना तीन दिवसांची वही ठेवायला लावली होती: काय प्यायलं, लघवी कधी आणि मापाच्या मगात किती झाली, कपडे केव्हा ओले झाले. सकाळच्या चहानंतर दुपारच्या जेवणापर्यंत वहीत पाण्याचा घोटसुद्धा नव्हता. गळू नये म्हणून बाईंनी पाणीच तोडलं होतं! त्यानं होतं उलटंच. लघवी गडद होऊन मूत्राशय चिडतं, घाई वाढते. शौचाला खडा होतो आणि कुंथून कुंथून खालचे स्नायू आणखी सैल पडतात.

पाण्याचं सिस्टरनी समजावलं. मंडळाचं मात्र अडलेलंच होतं.

"पातळाला डाग दिसला तर?"
"दिसला तर काय होईल?"
"बायका नावं ठेवतील. तोंड दाखवायला जागा उरणार नाही."
"शेजारी बसणाऱ्या बाईच्या पातळाला तुम्हाला डाग दिसला असता तर?"
"मी?" त्या पटकन म्हणाल्या, "मी उठून पदर आडवा धरला असता, तिला आत नेलं असतं."

आणि एकदम गप्प झाल्या. हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. मी मुद्दाम काही बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे नावं मीच ठेवत बसलेय."

एवढं एक वाक्य पेशंटच्या तोंडून यावं म्हणून मी बैठकांमागून बैठका थांबते. माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचं त्याचं मत जास्त छळतं, ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मांडणी मी मानते. मंडळातल्या एकीनंही सुमनताईंना शब्दानं दुखवलं नव्हतं. निकाल त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता. तो त्यांच्याच तोंडून मागे घेतला गेला, याचं मला मनापासून समाधान आहे.

व्यायाम शिकवला सिस्टरनीच. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो १९४८ मध्ये मांडला. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. बाळंतपणानं, वजनानं, जुनाट खोकल्यानं ती सैलावते. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जसं आवळून धरतो, तसं आत-वर ओढायचं. पाच सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करता करता मध्येच थांबवून हा सराव करू नका. फरक जाणवायला तीन महिने लागू शकतात. बऱ्याच जणी पंधरा दिवसांत कंटाळून सोडून देतात. खोकला, शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, हे मात्र पहिल्या दिवसापासून करा.

"पिशवी काढली की थांबेल का?" असंही विचारतात. नाही. गर्भपिशवी काढणं हा या तक्रारीवरचा इलाज नाही. लघवीत रक्त, जळजळ, ताप, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, किंवा मांड्यांमध्ये बधिरपणा येऊन अचानक ताबा सुटणं, यांपैकी काही असेल तर व्यायाम करत थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

यातून बऱ्या झालेल्या दोघी-तिघी ओपीडीच्या दिवशी आमच्याकडे बाकावर येऊन बसतात. नवीन बाईला तपासणीत काय होतं ते सांगतात, बोलायला जमत नसेल तर डॉक्टरांकडे सोबत आत जातात. माझ्या खोलीत जे महिन्याभरात निघत नाही, ते त्या बाकावर कधीकधी अर्ध्या तासात निघतं.

सुमनताईंचं गळणं पूर्ण थांबलेलं नाही, बरंच कमी झालंय. मंडळात त्या दाराजवळची जागा मागून घेतात आणि कारण खरं सांगतात. तुम्हालाही सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर केसपेपर काढून आधी सिस्टरना गाठा आणि एवढंच म्हणा: "लघवीवर ताबा राहत नाही, मला बाजूला बोलायचंय." पुढचं त्या विचारून घेतील.